गर्भाशयमुखाचा लिम्फोमा: पिशवी काढायची घाई का करू नये

प्रश्न: माझ्या ताईला, वय ४४, पाळी नसतानाही अंगावरून जात होतं. सोनोग्राफीत गर्भाशयमुखावर साडेसहा सेंटिमीटरची गाठ दिसली. गेल्या वर्षीची पॅप तपासणी नॉर्मल होती. कॅन्सर आहे, पिशवी लगेच काढू, असं सांगून डॉक्टरांनी तारीखही दिली. तुकड्याचा रिपोर्ट मात्र ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा, डिफ्यूज लार्ज बी सेल’ असा आला. आता दुसरे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नको, केमो घ्या. कुणाचं ऐकायचं? लिम्फोमा तर मानेच्या, काखेच्या गाठींचा असतो ना? आणि यातून माणूस बरा होतो का?

उत्तर:

ऑपरेशनची ती तारीख आधी रद्द करा, मग पुढचं वाचा. मी लिम्फोमावर उपचार करणारी डॉक्टर आहे. तुमचे दुसरे डॉक्टर योग्य तेच सांगत आहेत.

रिपोर्ट बरोबर असेल तर हा आजार, म्हणजे मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा, औषधांनी बरा करायचा आहे. पिशवी काढून तो बरा होत नाही, कारण लिम्फोमाच्या पेशी रक्तातून आणि लसिकेतून फिरणाऱ्या. एका जागची गाठ काढली तरी बाकीच्यांना औषध लागतंच. उलट एवढी मोठी गाठ काढताना मूत्राशयाला आणि मूत्रवाहिन्यांना इजा होऊ शकते, आणि जखम भरेपर्यंत केमो तीन-चार आठवडे लांबतो. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात ते आठवडे महागात पडतात. आणखी एक गोष्ट सांगते. हा गर्भाशयमुखाचा नेहमीचा कॅन्सर असता, तरी चार सेंटिमीटरच्या वरच्या गाठीला पहिला उपचार म्हणून पिशवी काढणं हा नियम नाही. तिथे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि सोबत सिस्प्लॅटिनचा केमो देतात. त्यामुळे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी ताईंच्या बाबतीत चाकू पहिला येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि या पेशी फक्त मानेच्या-काखेच्या गाठींत बसून राहत नाहीत. आतडं, जठर, त्वचा, गर्भाशयमुखाचं अस्तर, जिथे जिथे शरीराला पहारा ठेवायचा असतो तिथे त्या असतात. म्हणून लिम्फोमाही या जागी उगवू शकतो. गाठींबाहेर सुरू होणाऱ्या लिम्फोमांत जननमार्गाचा वाटा साधारण शंभरात एक. त्यातही गर्भाशयमुख आणि अंडाशय जास्त, गर्भाशयाचा वरचा भाग, योनी आणि बाह्य जननांग कमी, गर्भनलिका तर फारच क्वचित. त्याहून जास्त वेळा असं होतं की लिम्फोमा शरीरात दुसरीकडेच असतो आणि गर्भाशयात किंवा अंडाशयात पसरलेला असतो. म्हणून सगळं अंग तपासल्याशिवाय ‘हा इथूनच सुरू झाला’ असं म्हणता येत नाही.

ताईंच्या मनात आणखी दोन प्रश्न असतील. बायका ते विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. हा आजार नवऱ्याकडून आलेला नाही आणि नवऱ्याला लागणारही नाही. नेहमीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो, लिम्फोमाचं कारण तो नाही. ताईंनी काही चुकीचं केलं म्हणून हे झालेलं नाही. हे त्यांना कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. घरातल्या घरात कुजबुज सुरू झाली की केमोपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.

पॅप तपासणी नॉर्मल कशी आली, याचं उत्तर या आजाराच्या जागेत आहे. नेहमीचा कॅन्सर अस्तराच्या पेशींतून उठतो, त्यामुळे ब्रशला त्या पेशी लागतात. लिम्फोमा अस्तराच्या खाली वाढतो आणि वरची त्वचा बरेच दिवस शाबूत राहते. ब्रश निरोगी पेशीच खरवडून आणतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. गेल्या वर्षी कुणी हलगर्जी केली असं यावरून समजू नका. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून पाहायचं साधन, लावून पाहिल्यावरही चित्र वेगळं असतं. नेहमीच्या कॅन्सरमध्ये फ्लॉवरसारखी, हात लावताच रक्त येणारी, कुजकट वासाची वाढ दिसते. लिम्फोमात गर्भाशयमुख पिंपासारखं फुगलेलं, गुळगुळीत, गुलाबी, बोटाला रबरासारखं घट्ट लागतं, आणि कित्येकदा व्रण दिसतच नाही. पन्नाशीच्या आतली बाई, एवढी मोठी गाठ, वर धड व्रण नाही, पॅप स्वच्छ, अशी जुळणी दिसली की तपासणाऱ्याच्या मनात लिम्फोमा यायला हवा. ताप, रात्रीचा दरदरून घाम, वजन उतरणं ही लिम्फोमाची पुस्तकी लक्षणं इथे बहुतेक वेळा नसतात. अवेळी रक्त जाणं, पांढरं-पिवळं पाणी जाणं, संबंधाच्या वेळी दुखणं, ओटीपोटात जड वाटणं, एवढंच.

आता रिपोर्टकडे वळू, कारण सगळा उपचार त्या कागदावर उभा आहे. तुकडा वरवरचा घेतला तर दोन गोष्टी होतात. एकतर फक्त निरोगी अस्तर हाती लागतं, किंवा चिमट्यात लिम्फोमाच्या नाजूक पेशी चिरडल्या जातात आणि काचेवर नुसते निळे फराटे दिसतात. अशा स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टला लिम्फोमा, लहान पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर आणि साधा दाह यांत फरक करणं फार कठीण जातं. म्हणून तुकडा खोल घ्यावा लागतो, मोठा घ्यावा लागतो, आणि गाठीच्या एकापेक्षा जास्त जागांहून घ्यावा लागतो. तो भरपूर फॉर्मॅलिनमध्ये बुडायला हवा. छोट्याशा बाटलीत कोंबलेला तुकडा आतून नीट टिकत नाही, आणि मग मार्करच्या तपासण्या फसव्या येतात.

मार्कर म्हणजे पेशींच्या ओळखखुणा. त्या तपासण्याच्या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, आम्ही आणि रुग्णही तिला आयएचसी म्हणतो. ताईंचा रिपोर्ट काढून बघा. त्यात एलसीए आणि सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह, सायटोकेराटिन निगेटिव्ह असं लिहिलेलं असायला हवं. एलसीए पॉझिटिव्ह म्हणजे पेशी पांढऱ्या पेशींच्या कुळातली, केराटिन निगेटिव्ह म्हणजे अस्तराचा कॅन्सर नाही, सीडी२० पॉझिटिव्ह आणि सीडी३ निगेटिव्ह म्हणजे टी नव्हे, बी लिम्फोसाइटचा आजार. त्यापुढे सीडी१०, बीसीएल६ आणि एमयूएम१ यांवरून उपप्रकार ठरतो, की-६७ वरून वाढीचा वेग कळतो, आणि मिक व बीसीएल२ दोन्ही जास्त असतील तर त्या जनुकांची फिश नावाची तपासणी करावी लागते. त्यात मिक आणि बीसीएल२ दोन्ही तुटलेली निघाली तर आजार जास्त आक्रमक मानतात आणि औषधांची जुळणी बदलते. तुमच्या रिपोर्टवर नुसतंच ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ असेल आणि खाली मार्करची यादी नसेल, तर तो रिपोर्ट अपुरा आहे. लॅबमधून ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. ते रुग्णाचे आहेत आणि मिळतात. मग लिम्फोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा बघून घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन रोज माणसं येत असतात. मुंबई लांब असेल तर बार्शी किंवा नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयात आधी विचारा. या तपासणीत काही दिवस गेले तर ते वाया गेले असं समजू नका.

एक इशारा. तुकडा नीट तपासून होईपर्यंत ताईंना डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखं कुठलंही स्टेरॉइड कुणी देऊ नये, जिवावरची अडचण असेल तेवढा अपवाद सोडून. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी काही दिवसांत मरू लागतात, गाठ लहान होते, घरचे खूश होतात, आणि मग घेतलेल्या तुकड्यात निदान करण्याजोगं काहीच उरत नाही. आपल्याकडे दुसरा धोका टीबीच्या गोळ्यांचा. ओटीपोटात गाठ, पोटात पाणी, थोडा ताप म्हटलं की तुकडा न घेताच ‘आधी टीबीचा कोर्स करून पाहू’ असं होतं. टीबी आपल्याकडे खरोखरच खूप आहे, म्हणून तो विचार येणं चुकीचं नाही. पण तुकडा घेता येत असताना अंदाजाने गोळ्या सुरू करू नयेत.

अंडाशयाच्या लिम्फोमाबद्दल थोडं सांगते, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत एखाद्या मुलीचे आईवडीलही असतील. तिथे चूक वेगळ्या वाटेने होते. दोन्ही अंडाशयांत भरीव गाठी, पोटात पाणी, रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं, म्हणून अंडाशयाचा कॅन्सर धरून मोठं ऑपरेशन करतात. सीए-१२५ पोटाच्या पडद्याला त्रास देणाऱ्या कुठल्याही आजारात वाढतं, टीबीत आणि लिम्फोमातही. लहान मुली आणि तरुणींमध्ये तर बर्किट लिम्फोमा दोन्ही अंडाशयांत येऊ शकतो. डेनिस बर्किट यांनी १९५८ साली युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, तोच हा आजार. आपल्याकडे तो बहुधा पोटात दिसतो. तो काही दिवसांत दुप्पट होतो आणि केमोला तितक्याच वेगाने विरघळतो. तरुण मुलीच्या दोन्ही अंडाशयांत भरीव गाठी असतील, रक्तातलं एलडीएच (पेशी झपाट्याने वाढत-मरत असल्या की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं असेल, तर दोन्ही अंडाशयं काढून टाकण्याआधी तुकडा तपासा. शक्य असेल तिथे ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन, म्हणजे तुकडा गोठवून तिथल्या तिथे तपासणं, करून घ्या.

पुन्हा ताईंकडे येते. रिपोर्ट पक्का झाला की आजार कुठवर आहे ते पाहायचं. इथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे टप्पे लागू होत नाहीत. लिम्फोमाचे टप्पे १९७१ सालच्या अ‍ॅन आर्बर पद्धतीने मोजायचे, तिची २०१४ मध्ये लुगानो नावाने सुधारणा झाली. आजार फक्त गर्भाशयमुखात असेल तर ‘एक-ई’ (ई म्हणजे लसिकागाठींबाहेरचा), जवळच्या ओटीपोटातल्या गाठीही असतील तर ‘दोन-ई’. त्यासाठी पेट-सीटी, म्हणजे आजाराची जागा चमकून दाखवणारा सगळ्या अंगाचा स्कॅन, करतात, आणि शक्य असेल तर ओटीपोटाचा एमआरआय. पेट-सीटीला जाताना ताईंची पाळी कुठल्या दिवसांत आहे ते तिथल्या डॉक्टरांना जरूर सांगा. ज्या बायकांची पाळी चालू आहे त्यांच्या गर्भाशयाचं अस्तर पाळीच्या दिवसांत पेटमध्ये चमकतं, आणि अंडं सुटण्याच्या सुमारास अंडाशयही चमकतं. ते निरोगी असतं, पण माहिती नसेल तर ‘अंडाशयातही आजार’ असा शिक्का बसतो आणि टप्पा उगाचच वाढतो. उपचार संपल्यानंतरच्या पेटलाही हेच लक्षात ठेवा.

रक्तात एलडीएच, युरिक अ‍ॅसिड, क्रिएटिनिन पाहतात. गाठ मोठी असली की मूत्रवाहिनी दाबली जाते आणि मूत्रपिंडाला सूज येते, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर केमोआधी स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी नळी, टाकावा लागू शकतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या सगळ्यांनाच करतो, यात संशय घेण्यासारखं काही नाही. हिपॅटायटिस बीसाठी नुसतं एचबीएसएजी, म्हणजे सध्याचा संसर्ग दाखवणारी तपासणी, पुरेसं नाही, अँटी-एचबीसी हीदेखील हवी. पूर्वी होऊन गेलेला, शरीरात दबून बसलेला विषाणू रिटक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध दिल्यावर उफाळतो आणि यकृत निकामी करू शकतो. तपासणी पॉझिटिव्ह आली तर एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची गोळी आधीच सुरू करायची आणि रिटक्सिमॅब संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवायची. ही गोळी केमो संपला म्हणून घरच्या घरी बंद करू नका. शिवाय हृदयाची टूडी एको आणि गर्भधारणेची तपासणीही केमोआधी होते.

उपचाराला आर-चॉप म्हणतात. सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन ही सलाईनमधून, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस, आणि सोबत रिटक्सिमॅब, जे सीडी२० असलेल्या पेशीवर जाऊन चिकटतं. दर एकवीस दिवसांनी एक सायकल, बहुधा सहा सायकली. चॉप १९७०च्या दशकापासून वापरात आहे. रिटक्सिमॅबला अमेरिकेत १९९७ साली परवानगी मिळाली आणि २००२ मध्ये फ्रान्सच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात साठीच्या वरच्या रुग्णांत पूर्ण बरं होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. तेव्हा आपल्याकडे हे औषध बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रेडिटक्स हे त्याचं भारतीय रूप आणलं, मागून इतर कंपन्या आल्या आणि किंमत उतरत गेली. भारतीय औषध घेतलं म्हणून उपचार कमी दर्जाचा झाला असं मनात आणू नका. महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड सोबत न्या.

सायकली चार की सहा, हा प्रश्न ताईंच्या बाबतीत खरोखर विचारण्याजोगा आहे. साठीच्या आतले, पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले, एलडीएच नॉर्मल आणि गाठ साडेसात सेंटिमीटरपेक्षा लहान असलेले रुग्ण घेऊन युरोपात फ्लायर नावाचा अभ्यास झाला. २०१९ मध्ये तो छापून आला. चार आर-चॉप आणि दोन नुसते रिटक्सिमॅब घेतलेल्यांत तीन वर्षांनंतर ९६ टक्के जणांचा आजार वाढलेला वा उलटलेला नव्हता. पूर्ण सहा सायकली घेतलेल्यांत हे प्रमाण ९४ टक्के होतं. ताईंचं पेट आणि एलडीएच या चौकटीत बसलं तर तुमच्या डॉक्टरांशी यावर बोला. तरीही आजार गर्भाशयाचा आहे म्हणून डॉक्टरांनी सहा सायकली सुचवल्या, तर मी त्यांना विरोध करणार नाही. त्याचं कारण मेंदूशी जोडलेलं आहे. अनेक देशांतल्या शेकडो बायकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या तेव्हा गर्भाशयात लिम्फोमा असलेल्यांत तो पुढे मेंदूत किंवा मणक्यातल्या पाण्यात उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अंडाशयाच्या बाबतीत तसं दिसलं नाही. म्हणून काही केंद्रं मेंदूच्या बचावासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध वेगळं देतात. त्याने तो धोका किती कमी होतो यावर आम्हा लोकांत एकमत नाही. आजार एकाच जागी आणि एलडीएच नॉर्मल असेल तर मी बहुधा ते देत नाही, आजार पसरलेला असेल तर विचार करते. हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा, त्यांना राग येणार नाही.

रेडिएशन सगळ्यांना लागत नाही. केमोनंतर पेट पूर्ण स्वच्छ आलं तर पाळी चालू असलेल्या बाईला ओटीपोटावर शेक देण्याआधी मी दहादा विचार करते, कारण अंडाशयं त्यात निकामी होतात आणि योनीमार्ग आकसतो. पेटमध्ये थोडा आजार उरलेला दिसला तर मात्र शेक उपयोगी पडतो.

केमो सुरू झाल्यावर काय होतं ते आधी ठाऊक असलं की घाबरगुंडी उडत नाही. पहिल्या रिटक्सिमॅबला हुडहुडी भरून येते, थेंबांचा वेग कमी केला की ती बसते. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं, त्या दिवशी लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. व्हिनक्रिस्टिनने बद्धकोष्ठ होतं आणि बोटांना मुंग्या येतात. गाठ झपाट्याने वितळते तेव्हा योनीतून रक्त किंवा कुजलेले तुकडे जाऊ शकतात. थोडं असेल तर चालतं, पण तासाला एक पॅड भिजत असेल तर रुग्णालय गाठा. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप आला तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता असला तरी निघा. लिम्फोमावर मात झालेली असताना या तापाने माणूस गमावलेला मी पाहिला आहे.

ताई ४४ वर्षांच्या आहेत, त्यामुळे केमोनंतर पाळी कायमची जाऊ शकते. परत आली तर उपचार चालू असताना आणि रिटक्सिमॅबनंतर वर्षभर गर्भधारणा टाळायची. हा आजार तिशीतल्या, मूल हवं असलेल्या मुलीला झाला असेल तर पहिल्या केमोच्या आधी वंध्यत्वतज्ज्ञांना गाठायचं. बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात आणि सुई योनीतून घालायची असते. गाठ तिथेच असेल तर ते जमतंच असं नाही. अंडाशयातच लिम्फोमा असेल तर अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवू नये, पुढे तो परत बसवताना आजारही परत बसू शकतो.

काही जणी माझ्याकडे पिशवी काढून झाल्यावर येतात. फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन झालं आणि रिपोर्टात लिम्फोमा निघाला. अशांनीही ‘गाठ गेली, आता काय’ असं समजू नये. पेट करायचं आणि मोठ्या पेशींचा लिम्फोमा असेल तर पूर्ण केमो घ्यायचा. फॉलिक्युलर किंवा मार्जिनल झोन असा सावकाश वाढणारा प्रकार निघाला तर गोष्ट वेगळी. तिथे थोडा शेक किंवा नुसतं लक्ष ठेवणंही पुरतं, आणि आर-चॉपची घाई नसते.

बरा होतो का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. एकाच जागी असलेला मोठ्या पेशींचा लिम्फोमा आर-चॉपने बहुतेक जणींत पूर्ण जातो आणि परत येत नाही. शेवटच्या केमोनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पेट करतात. त्यात गर्भाशयमुख थोडं जाड दिसेल, पण चमक नसेल तर तो नुसता भरलेल्या जखमेचा वण असतो. तो काढून टाकण्यासाठी पुन्हा ऑपरेशनचा विषय कुणी काढला तर नको म्हणा. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायचं. दर वेळी स्कॅन लागत नाही. मात्र नवी गाठ, पुन्हा रक्त जाणं, किंवा आधी कधीच नव्हती अशी डोकेदुखी, तोल जाणं, बोलण्यात अडखळणं असं काही जाणवलं तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात जाऊन दाखवायचं.